धाकट्या बेटावर सुटलेला पक्षी

तिला सगळे फांदी म्हणतात. हातपाय काटकुळे, आणि झुडपात उभी राहिली की हलत नाही. गाणारे पक्षी पकडणं हे तिचं काम. बारीक जाळ्यात अडकलेला पक्षी ती अलगद सोडवते, कापडी पिशवीत ठेवते. मग पायात कडं घालते, पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घेते आणि त्याला उडवून देते. थेंब प्रयोगशाळेत जातो. मी साहित्याची पदवी घेऊन घरी बसले होते, म्हणून जाळ्यांच्या काठ्या उचलायला तिच्याबरोबर जायचे. नाव तिचा दादा चालवायचा.

बेटं दोन. थोरलं आणि धाकटं.

"कधीकाळी वादळात मूठभर पक्षी थोरल्यावरून धाकट्यावर येऊन पडले," तिने मला पहिल्याच फेरीत सांगितलं होतं. "परत गेलेच नाहीत. मग लग्नं आपसातच, हजारो वर्षं. त्या मूठभरांचंच रक्त सगळ्यांत. आता चोच जाड झालीय, गाणं आखूड. रक्त बघितलं तर वेगळी जातच व्हायला निघालीय."

"म्हणजे सगळी चुलत-मावस भावंडं," दादा म्हणाला. "आपल्या गल्लीसारखं."

"हस तू. सगळ्यांचं अंग एकाच मापाचं, दादा. एकाला जो रोग झेपणार नाही, तो कुणालाच झेपणार नाही."

म्हणून ती दोन बेटांच्या मध्ये हात धुवायची, बूट धुवायची, पिशव्या बदलायची. आम्हालाही सोडायची नाही.

त्या सकाळी थोरल्या बेटावर एका नराच्या पायावर तिला फोड दिसले. पक्ष्यांची देवी, माणसांच्या देवीसारखाच पसरणारा रोग. तिथल्या पक्ष्यांना ती होते आणि बहुधा बरीही होते. धाकट्यावर ती कधी पोचलीच नव्हती. नीट तपासून मग सोडू, म्हणून तिने त्याला दुसऱ्या पायात कडं घालून वेगळ्या पिशवीत ठेवलं आणि नावेतल्या खुंटीला टांगलं. वरून कुणीतरी रेनकोट अडकवला. तेवढ्यात इंजिन रुसलं, बहीणभावाची जुंपली, आणि ती पिशवी तिच्या डोक्यातून गेली.

धाकट्यावर आम्ही जाळं ताणत होतो. दादा किनाऱ्यावरून हसत वर आला.

"फांदे, एक पिशवी विसरलीस की! वळवळत होती. गुदमरला असता बिचारा. दिला सोडून."

तिच्या हातातली काठी पडली.

"कुठे?"

"इथेच. झाडीत गेला. अगं, काय झालं?"

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "त्याच्या पायाला देवी आहे, दादा."

दादाचं हसू तोंडावरच राहिलं. मला झाडीकडे बघवेना. सगळीकडून तेच आखूड गाणं येत होतं, आणि त्या गाणाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

फांदी उठली. तिने मोबाइलवर थोरल्या बेटावरचं लांब गाणं लावलं आणि तो जाळ्याच्या पायथ्याशी ठेवला. इथले पक्षी त्या गाण्याकडे ढुंकून बघत नाहीत, हे तिने अनेकदा तपासलं होतं. आपलं म्हणून ओळखेल तो थोरल्यावरून आलेला तेवढा एकटाच.

आम्ही झुडपामागे बसलो. गाणं संपायचं, पुन्हा सुरू व्हायचं. दादा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. ऊन डोक्यावर आलं. मग झाडीतून उत्तर आलं. लांब, अगदी तसंच.

जाळं हललं.

ती धावली आणि जाळ्यापाशी जाऊन थबकली. मी मागून पोचले. जाळ्याच्या झोळीत तो होता, पायात सकाळचं कडं. आणि त्याला चिकटून, त्याच्या फोडांच्या पायात पाय अडकलेली, जाड चोचीची एक मादी. या बेटावरची. पाहुणा कोण आलाय, ते बघायला आली असावी.

फांदीने आधी नराला सोडवून पिशवीत घातलं. हात जंतुनाशकाने पुसले. मग मादीला मुठीत धरून तिच्या पोटावर फुंकर मारली. पिसं बाजूला झाली. खाली उघडी, लालसर कातडी होती.

"अंडी उबवतेय," फांदी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मग सोड तिला," दादा म्हणाला. "अंडी गार पडतील."

"आणि तिला लागण झाली असेल तर? ती घरट्यात जाईल. आपल्या नराजवळ बसेल. तिथून शेजारी."

"झाली असेलच असं कुठंय?"

"नाहीये. आणि आठवडाभर तरी कळणारही नाही."

मादीचं डोकं तिच्या बोटांमधून बाहेर होतं. डोळा काळा, थेंबासारखा. छाती जोरजोरात उडत होती.

"माझंच चुकलं गं," दादा म्हणाला.

"पिशवी माझी होती."

तिने मादीला दुसऱ्या पिशवीत घातलं आणि दोरी आवळली. दोन पिशव्या दोन हातांत, अंगापासून लांब धरून ती किनाऱ्याकडे चालू लागली. मी जाळं गुंडाळलं. घरटं कुठल्या झुडपात आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते शोधू या, असंही कुणी म्हणालं नाही.