हसनभायची कॉट

खोलीत माणसं अकरा आणि बाथरूम एक असेल, तर किस्से गोळा करावे लागत नाहीत. दाराबाहेरच्या चपलांसारखे ते आपोआप साठतात.

दुबईजवळच्या रास अल खैमातली आमची खोली कोकणातल्या एकाच गावाची. नियम असा, की गावचाच माणूस घ्यायचा. खोलीचे प्रमुख तात्या, माझे सख्खे काका, टाइल्सच्या फॅक्टरीत फोरमन. मी डिप्लोमा अर्धवट सोडला म्हणून बापाने मला त्यांच्या गळ्यात मारलं.

नव्या माणसाची तात्या परीक्षा घेत. शिमग्यात पालखी पहिली कुणाच्या अंगणात टेकते? देवळाच्या विहिरीला पायऱ्या किती? पास झाला त्याला कॉट, नापासाला खाली गादी. मी डोंबिवलीत वाढलेला. दोन्हींत नापास.

"कॉलेजात पण हेच केलंस ना?" तात्या म्हणाले.

गावाबाहेरचा एकच माणूस, हसनभाय. जावाच्या उत्तरेला बावेआन नावाचं बेट आहे, तिथला. सिंगापुरात या लोकांना बोयान म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी तात्यांनी त्याला स्वयंपाक येतो म्हणून 'टेंपररी' घेतला होता. "गावचा कोणी पास झाला की कॉट सोडायची," हे ते त्याला दर शुक्रवारी ऐकवत.

"सोडेन, तात्या. आधी जेवा," आमच्याकडूनच शिकलेल्या मराठीत तो म्हणे.

* * *

हसनभायचा आजोबा सिंगापुरात होता. तिथे बोयानांच्या एकेका गावाचं एकेक घर असे, पोंडोक. बोटीतून उतरलेला थेट तिथे जायचा. काम मिळेपर्यंत जेवण फुकट.

"म्हणजे आमची आयडिया ढापली," तात्या म्हणाले.

"तात्या, तेव्हा तुमचे वडील रांगत असतील."

"मग आता आहेत कुठे ते बोयान?"

"माझे चुलतभाऊ तिथे मलय झाले. मी फॅक्टरीत इंडोनेशियन."

"आणि या खोलीत?"

"या खोलीत टेंपररी."

* * *

बेट सोडून परदेशी न गेलेल्याला म्हणे बोयान पुरुषच मानत नाहीत. हे ऐकून तात्या खूश. मला म्हणाले, "बघ. बाहेर पडल्यावर माणूस शिकतो."

एकोणीस वर्षांत तात्या अरबीचे चार शब्द शिकले होते: यल्ला (म्हणजे चल), खलास, इन्शाल्ला, हबीबी (म्हणजे लाडक्या). मॅनेजरने सुट्टी नाकारली तेव्हा त्यांनी चारही एका दमात वापरले. सुट्टी मिळाली नाहीच.

"पण गप्प बसला की नाही?" तात्या म्हणाले.

* * *

हसनभाय सुरमईच्या कालवणात गवती चहा घालायचा. "ही काय पद्धत झाली?" असं म्हणत तात्या तीनदा वाढून घेत. एकदा त्यांनी फोनवर काकीला सांगितलं, "त्याच्याकडून शीक जरा."

"मग त्यालाच पाठवा इकडे," काकी म्हणाली, "तुम्ही राहा तिथेच."

तेव्हापासून शुक्रवारचा फोन आधी हसनभायला. कालवण, मग गावच्या सगळ्या बातम्या. तात्यांच्या वाट्याला फक्त 'तब्येत सांभाळा'.

* * *

मग तात्यांचा जावई आला. प्रशांत. गाव आमचंच, पण वाढला कल्याणला. त्याची परीक्षा म्हणजे नुसतं नाटक, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हसनभायने दुपारीच पिशवी भरून कॉटवर ठेवली आणि मासे तळायला उभा राहिला.

"पालखी पहिली कुणाच्या अंगणात?"

जावई छताकडे बघू लागला. शेगडीकडून, पाठमोराच, हसनभाय हळूच म्हणाला, "गुरवांच्या."

"गुरवांच्या," जावई म्हणाला.

"विहिरीला पायऱ्या?"

"बावीस," शेगडीकडून आलं. "एक पावसात तुटली."

"बावीस. एक पावसात तुटली."

तात्यांनी चष्मा काढला. "तुटली? कुठली? मला कसं माहीत नाही?"

"खालून तिसरी," हसनभाय म्हणाला. "काकी बोलल्या फोनवर."

तात्यांनी चष्मा पुसून परत घातला.

"प्रशांत," तात्या म्हणाले, "गादी खाली घाल." मग शेगडीकडे वळले. "आणि तू रे, पिशवी कसली भरलीस? पाव्हण्याला ताट वाढ."