हळदीच्या दुसऱ्या दिवशीचा कचरा

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — पण दोन कागद फाडून झाले, तेव्हा तेही खरं नाही.

मी साताऱ्याकडचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पाठीवर ओझी वाहिली, मग जुना टेम्पो घेतला. भाव करण्यात मला कुणी हरवत नाही, आणि माझा राग सगळ्या बाजाराला माहीत आहे. जासईच्या पलीकडच्या एका आगरी गावाने मला कचरा उचलायचं काम दिलं. गावाचं नाव लिहीत नाही. पंचायत लहान, शहराच्या गाड्या तिथे येत नव्हत्या. सगळा कचरा खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत पडायचा. तो थांबावा म्हणून हिरुबाय नावाची एक बाई वर्षभर गावाच्या मागे लागली आणि तिने खताचे खड्डे करून घेतले. खड्ड्यांची देखरेख तिच्याकडेच होती.

आज माझ्याकडे जे आहे ते तिच्यामुळे आहे. ओला कचरा मुठीत दाबून त्यात पाणी किती हे ओळखायला तिने शिकवलं. खड्ड्याला वास सुटला तर पाला किती टाकायचा, कोळंबीची टरफलं किती खोल पुरायची — सगळं तिचं. प्रत्येक खड्ड्यावर ती छपराचं एक कौल ठेवायची आणि त्यावर माझ्याकडून रंगाने लिहून घ्यायची : कचरा कुठल्या दिवसाचा, कुणाकडचा. मी फार शिकलेलो नाही. जे शिकलो ते तिच्या शेजारी उकिडवं बसून.

आणि तिचाच मला राग होता. का? एकदा माझ्या टेम्पोत ओल्या बाजूला प्लास्टिक दिसलं. तिने शाळेसमोर गाडी अडवली. "ए घाटी, खाली उतर! ह्ये काय हाय? सगला खाली कर नि हातानं निवड." माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "निवड रे निवड, तांदूल समजून निवड." मी तासभर रस्त्यावर बसून निवडत होतो. चूक माझीच होती. पण ते हसणं — खरं सांगू? — अजून पुरतं पचलेलं नाही.

तुम्ही इकडची हळद पाहिली आहे का? लग्नाच्या आदल्या दिवशी अख्खं गाव जेवतं. मटण, भात, तांदळाच्या भाकऱ्या, बाटल्या. सकाळी मांडवाच्या मागे थर्माकोलच्या ताटांचा डोंगर असतो. हिरुबायच्या धाकट्या मुलाची हळद ठरली तेव्हा तिने जाहीर केलं, माझ्या मांडवात पत्रावळी आणि स्टीलचे पेले. आणि कचऱ्याला पाच पिंपं, खरकटं-हाडं वेगळी, बाटल्या वेगळ्या. गावाने थट्टा केली, "म्हातारी आता हाडांना पन रांगेत उभी करनार!" पिंपांची जबाबदारी तिने मोठ्या सुनेवर टाकली. तिचं नाव वंदना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. वंदना पिंपांपाशी उभी होती, डोळे जागरणाने तांबारलेले. हिरुबाय वऱ्हाडाच्या गडबडीत, तरी मला पाहून लांबूनच ओरडली, "पयला जेव, मंग कचऱ्याला हात लाव!" वंदनाने ताट वाढलं. मी मांडवात बसून पोटभर जेवलो.

आता इथे हात अडतो —

टेम्पोत ओलं-सुकं वेगळं ठेवणारा एक लोखंडी पत्रा असायचा. लग्नसराईत तो मी गुपचूप काढला होता. पत्रा नसला की जास्त मावतं. दोन खेपांचं काम एका खेपेत होतं. त्या दिवशी दुपारच्या आत मला कळंबोलीला दुसरा माल उचलायचा होता. गावाबाहेरच्या वळणावर मी पाचही पिंपं टेम्पोतच एकत्र ओतली. बाटल्या फुटल्या. आवाज मी ऐकला. खड्ड्यावर रोज हिरुबाय तपासायला असायची, पण त्या दिवशी तिच्याच घरी लग्न. मी सगळं खड्ड्यात लोटलं, वर पाला पसरला आणि कौलावर तिच्या घराचं नाव लिहिलं.

पावसाळा सरल्यावर खत निघालं. एका म्हाताऱ्याने ते वांग्यांना घालायला नेलं, आणि काचेने त्याचा तळहात फाटला. हात कोपरापर्यंत सुजला. देवळात गावकी बसली. गावाची ती बैठक. तिचा शब्द पंचायतही मोडत नाही. कौल मध्ये ठेवलं. मला उभं केलं. कचरा वेगळा आला होता की एकत्र?

"मिसळूनच आला होता," मी म्हणालो.

तीन शब्द. काम जाईल ही भीती होती का? होती. पण नुसती भीती असती तर आज एवढं लिहावं लागलं नसतं. शाळेसमोरचं हसणं मला आठवलं आणि बोलताना बरं वाटलं. हो — बरं वाटलं.

हिरुबाय उठली. मला वाटलं, आता माझ्यावर तुटून पडेल. ती सुनेकडे वळली. "तू तर म्हनालीस, येगला केला?"

"आय, खरंच केला होता."

"मंग ह्यो मानूस उगाच बोलतो?"

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी देवळाच्या खांबाकडे पाहिलं.

खड्डे हिरुबायकडून काढून घेतले. दुसऱ्या दिवशी मी पत्रा परत बसवला, वेल्डिंग करून. आजवर काढलेला नाही. त्याने काय होतं? काही नाही. हिरुबाय मात्र येतच राहिली, हक्क नसताना. काचा वेचायची, मला शिकवायची. वर्षाने काम कुणाला द्यायचं हे ठरताना गावातल्याच एकाचं नाव पुढे आलं, तेव्हा तीच उभी राहिली. "ह्यालाच ठेवा. माझ्या घरचा कचरा होता, तरी माझ्या तोंडावर खरं बोलला. असा दुसरा मानूस दाखवा."

मला ठेवलं. त्या कामातून आणखी दोन गावं मिळाली. आज तीन गाड्या आहेत, मुलगी कॉलेजात आहे. कुणाच्या उपकारावर? हे मी दररोज आठवतो, आणि कृतज्ञ आहे — हा शब्द माझ्या तोंडी शोभत नसला तरी.

आणखी एक आहे. एका दुपारी खड्डा उकरताना हिरुबाय म्हणाली, "सून गुनाची हाय रे. पन त्या दिवशी आलस केला नि वर खोटं बोलली. माझ्या मनातून जात नाय." फावडं माझ्या हातात होतं. आसपास कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी काय बोललो? "जाऊ द्या मावशी, चूक होते माणसाकडून."

माझ्या गुन्ह्याबद्दल मी वंदनाला माफ केलं.

हिरुबाय मागच्या वर्षी गेली. आजारपणात वंदनानेच तिचं सगळं केलं. खड्डे सुनेला द्यावेत का असं गावाने एकदा विचारलं होतं, तेव्हा हिरुबायनेच मान हलवली होती — नको. गेल्या आठवड्यात गावकीत वंदनाचं नाव पुन्हा निघालं. कुणीतरी म्हणालं, "तिच्या दिराची हळद विसरलात का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. वंदना बायकांमध्ये बसली होती. तिने मात्र पाहिलं नाही. मी पुन्हा गप्प बसलो. निर्णय रविवारवर गेला.

रविवारी मी बोलणार आहे. पण स्वतःशीही घासाघीस करणारा माणूस आहे मी, शेवटच्या क्षणी काहीतरी कमी करून बोलेन. म्हणून आधी इथे लिहून ठेवतो, पूर्ण.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनाने पाचही पिंपं वेगवेगळी भरून माझ्या ताब्यात दिली. खरकट्यात काचेचा एक तुकडा नव्हता. ती तिच्या सासूशी खोटं बोलली नाही. कचरा मी मिसळला.