विहीणबाईंची जिलबी आणि माझं इंजेक्शन

मी जेवलो नाही म्हणून माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

लग्नाच्या दोन महिने आधी मी वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू केलं होतं. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. सुरुवातीला मळमळेल, दोन घासांत पोट भरेल, ढेकर येतील, तळलेलं आणि गोड टाळा. शेवटी म्हणाले, "आणि घरच्यांना सांगून ठेवा." तेवढं सोडून बाकी सगळं मी ऐकलं. आमच्या भोईवाड्यात माणूस संध्याकाळी कुठल्या बारमध्ये बसतो हे अख्ख्या चाळीला ठाऊक असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण वजनासाठी इंजेक्शन घेतो म्हटलं, की लगेच 'याला चालता येत नाही काय?' (येतं. वडापावच्या गाडीपर्यंत रोज चालतच जातो.) म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवलं आणि बायकोला, म्हणजे मंदाला, व्हिटॅमिनचं आहे म्हणून सांगितलं.

अशात विहीणबाईंनी फणसवाडीतल्या त्यांच्या घरी आमच्या सायलीचं केळवण ठेवलं. सोबत आम्ही दोघं. माझी कीर्ती तिकडे आधीच पोचलेली. साखरपुड्याला माझं जेवण बघायला आचारी हातातला झारा घेऊन बाहेर आला होता! त्यामुळे विहीणबाई खास माझ्यासाठी सकाळपासून जिलब्या तळत होत्या.

पहिली अळूवडी पोटात गेली आणि हाऊसफुल्लची पाटी लागली. मसालेभाताकडे नुसतं बघून मळमळलं. जिलबी आली तेव्हा मी पानावर आडवा हात धरला.

"आवडलं नाही का जेवण?" विहीणबाईंनी विचारलं.

"छे छे, उत्तम आहे. पोट भरलं."

"एका वडीत?"

मंदा माझ्या कानाशी लागली. "तुमका बरा नाय वाटता काय?"

खरं सांगायची इतकी सोपी संधी पुन्हा येणार नव्हती. ती मी घालवली. "उपवास आहे," म्हणालो.

"अळूवडी खाऊन?" व्याही म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेत, चूक लगेच पकडतात.

"म्हणजे नवस आहे हो. सायलीचं लग्न निर्विघ्न पार पडेपर्यंत गोड सोडलंय."

बाप असावा तर असा, असं माझं मलाच वाटलं. विहीणबाईंचा वाढता हात मात्र थांबला.

"विघ्न कसलं? मुलीच्या पत्रिकेत काही आहे का? आम्हाला बोलला नाहीत ते?"

"तुमच्यापासून काय लपवणार," असं म्हणताना मध्येच एवढा मोठा ढेकर आला, की ते वाक्य पूर्ण करण्यात अर्थ उरला नाही. मग मंदा माझ्या मदतीला धावली.

"पत्रिकेचा माका काय म्हायत नाय. पण पंधरा दिस झाले, ह्यांनी बांगडो तोंडाक लावूक नाय. माका वाटला, लेक चलली म्हणान."

"मालवणी माणसाने मासे सोडले?" व्याही म्हणाले. "म्हणजे प्रकरण गंभीर आहे." त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं.

होणारा जावई सायलीकडे बघायला लागला. तिचा चेहरा पार उतरला आणि मला मनापासून वाईट वाटलं. स्वतःच्या ढेरीची लाज झाकायला मी पोरीच्या पत्रिकेत दोष घालून ठेवला होता.

"नवस-बिवस काही नाही," शेवटी सायलीच म्हणाली. "बाबा वजन कमी करायचं इंजेक्शन घेतात. खोक्यावरचं नाव मी गुगल केलं. व्हिटॅमिन म्हणे."

विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मध्यावर त्यांची नजर जरा जास्तच रेंगाळली.

"म्हणजे पत्रिका ठीक आहे," त्या म्हणाल्या. "दोष फक्त वडिलांत आहे."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मंदा हसली, आणि बाहेर पडल्यावर टॅक्सीत घरापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

लग्न व्यवस्थित पार पडलं. आता विहीणबाईंकडे जेवायला गेलो, की सगळ्यांपुढे भरलेली ताटं येतात आणि माझ्यापुढे नैवेद्याएवढं पान. चमचाभर भात, त्यावर थेंबभर वरण आणि जिलबीचा एक तुकडा. फरक इतकाच, की नैवेद्यासमोर निदान लोक हात तरी जोडतात.