उलटा कावून करायचा?

रविवारी मला खरं तर झोपायचं असायचं. चकलांब्याच्या शाळेत सात वर्ग आणि आम्ही चार शिक्षक. वर पोलिओचे डोस आणि मतदारयाद्याही आमच्याच गळ्यात. तरी रविवारी सकाळी मी एसटीनं गेवराईला जायचे. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मागं दोन कॉम्प्युटर आले होते. तिथून आम्हा शिक्षकांचा ई-मेलचा गट चालायचा.

गट म्हणजे ठिकठिकाणचे वीसेक शिक्षक. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या प्रशिक्षणांत ई-मेलचे पत्ते गोळा झालेले, चेहरे मात्र ठाऊक नाहीत. पाळीपाळीनं एकानं गणितातली अडचण लिहायची, बाकीच्यांनी आपापल्या वर्गात काही करून बघायचं आणि कळवायचं. मराठी अक्षरं पलीकडे चौकोन होऊन उमटायची, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायचो.

माझ्यासोबत शेजारच्या गावच्या शाळेतले एक गुरुजी असायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते सांगायचे, मी दोन बोटांनी टाइप करायचे. आमची पाळी आली त्या रविवारी त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.

"लिवा बाई," मग म्हणाले, "तीस वर्षं झाली, अपूर्णांकाचा भागाकार शिकवतो. दुसरा अपूर्णांक उलटा करा अन् गुणा. पण उलटा कावून करायचा, ते मला सोताला ठाव न्हाई."

"गुरुजी, असं लिहायचं? साहेबांच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ द्या. किती दिस झाकू? लई दमलो आता."

मी लिहिलं. खाली नाव फक्त त्यांचं घातलं. मलाही ठाऊक नव्हतं, पण ते माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढचे दोन रविवार लाइट नव्हती. तसेच परत आलो. तिसऱ्या रविवारी अकरा उत्तरं येऊन पडली होती. त्यातल्या चौघांनी एवढंच लिहिलं होतं, 'मलाही माहीत नाही.' चंद्रपूरकडच्या एका बाईंनी समजावलं होतं: अर्धी भाकरी आहे, प्रत्येकाला पाव भाकरी द्यायची, तर किती जणांना पुरेल? अख्ख्या भाकरीत पाव चार वेळा बसते, म्हणून चारनं गुणायचं. अर्धीत त्याच्या निम्म्या वेळा, म्हणजे दोनदा.

गुरुजींनी ते दोनदा वाचायला लावलं. मग झेरॉक्सचा एक खराब कागद घेऊन त्यावर गोल काढला, चार भाग केले आणि नुसतेच बघत बसले.

"गुरुजी," मी म्हणाले, "मलाही येत नव्हतं."

"ते कळलंतं मला. लिवताना तुमचा हात थांबला होता."

ते रागावले नव्हते. मलाच त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी वर्गात खऱ्या भाकरी नेल्या. एका मुलीनं विचारलं, पाव भाकरीत अर्धी किती वेळा बसंल? आम्ही ते गटावर टाकलं. त्यावर तीन आठवडे वाद चालला. कोल्हापूरहून एकानं चित्रं काढून, स्कॅन करून पाठवली. त्या दिवसांत बुधवारपासूनच मी रविवारची वाट बघायचे.

मग निवडणुका आल्या, बदल्या झाल्या, मेल कमी होत गेल्या. गुरुजी निवृत्त झाले तेव्हा गटातल्या सहा जणांनी पत्रं पाठवली. मी ती छापून नेऊन त्यांना वाचून दाखवली. माझी बदली पाटोद्याकडं झाली. तिथं काही महिन्यांनी मेल उघडली तर एकानं विचारलेलं, 'कुणी आहे का?' मी 'आहे' लिहिलं. पुढं काहीच आलं नाही.

त्याच वर्षी शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं, की ऋण संख्यांचा गुणाकार मला नीट समजत नाही. तेवढ्यात चहा आला आणि विषय बदलला. बाहेर चप्पल घालताना एक नवीन मास्तरीण हळूच म्हणाली, "ताई, मला बी न्हाई समजत."

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बसायला लागलो. एखाद्या गुरुवारी दोघीही इतक्या थकलेल्या असायचो, की पुस्तक उघडून नुसता चहाच प्यायचो.