पनवेलचा बर्फ आणि करंजाची सानिका

जुन्या फ्रीजमध्ये बर्फ कुणी मुद्दाम साठवत नाही. तो आपला साचत जातो आणि एक दिवस आइस्क्रीमचा डबाच बाहेर निघत नाही! आमच्या हॉलचे किस्से तसेच साचलेत. पनवेलमध्ये आइस स्केटिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होणार आणि तिचं मराठी निवेदन मी करणार, हाच मुळात पहिला किस्सा. माझा सगळा अनुभव कबड्डीच्या सामन्यांचा, हळदी समारंभांचा आणि खांदा कॉलनीतल्या गणपतींचा. मी आयोजकांना स्पष्ट सांगितलं, "साहेब, मला स्केटिंगमधलं काही कळत नाही."

"प्रेक्षकांना तरी कुठे कळतं? जमेल तुम्हाला!"

झालं, माइक माझ्या हातात.

*

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी नारळ मागितला. तोही बर्फावरच फोडायला! बर्फाची सगळी जबाबदारी नरेशदादांवर. ते दोन्ही हात पसरून आडवे आले.

"साहेब, नारळ दारात फोडा. इथे एक चीर गेली तर आमचं सगळं मुसळ केरात!"

नारळ दारात फुटला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात पाहुण्यांच्या सौभाग्यवतींनी वाकून बर्फालाच कुंकू लावलं! एवढ्या मोठ्या पांढऱ्याशुभ्र बर्फावर एक लालभडक टिकली. नरेशदादा खरवडणी घेऊन येईपर्यंत सराव सुरू झाला आणि एका परदेशी मुलीनं नेमकी त्या टिकलीपाशी उडी घेतली. आठवडाभर न जमणारी उडी झकास जमली! नरेशदादा खरवडायला वाकले, तर तिचा कोच धावत आला.

"नो, नो! प्लीज, लीव्ह इट!"

दुसऱ्या दिवशी तिथे उडी मारायला चार देशांच्या मुलींची रांग लागली होती.

*

बर्फ गुळगुळीत करणारी एक मोठी गाडी असते. आम्ही तिला 'इस्त्री' म्हणायचो. ती चालवायचा संतोष, पूर्वी द्रोणागिरीच्या गोदामात फोर्कलिफ्टवर होता. दोन फेऱ्यांच्या मधे तो इस्त्री घेऊन उतरला की पब्लिक खूश. पुढे ओरखडलेला बर्फ आणि गाडी गेली की आरशासारखा लख्ख! आमच्या लोकांना स्वच्छतेचं भारी कौतुक, करणारा दुसरा असला की.

एकदा त्यानं शेवटचं वळण असं काही सफाईनं घेतलं की अख्खा स्टँड ओरडला, "वन्स मोअर!"

आणि या पठ्ठ्यानं खरंच आणखी एक फेरी मारली! परदेशी रेफरीबाई घड्याळाकडे बोट दाखवत उभ्या. संतोषला खाली उतरवून विचारलं, हे काय? तर म्हणतो, "मॅडम, गोदामात इतकी वर्षं गाडी चालवली. टाळी कधी कुणी वाजवली नव्हती."

बाईंना मी ते इंग्रजीत सांगितलं. पुढच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याही होत्या.

*

आता माझी स्वतःची फजिती. एक परदेशी खेळाडू उडी मारून धाडकन पडली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आणि खेळाडू बाद!"

कबड्डीवर पोसलेलं पब्लिक! शिट्ट्या, टाळ्या, जल्लोष. त्या मुलीला वाटलं, हे आपल्याला धीर देताहेत. ती टुणकन उठली, नाचता नाचता प्रेक्षकांना एक फ्लाइंग किस दिला आणि पुढे इतकी सुंदर नाचली की मीच माइक बगलेत धरून टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारी सानिका उभी होती. करंजाच्या कोळीवाड्यातली आमची पोरगी, भारताच्या संघात. आधी रस्त्यावर चाकांचे स्केट्स आणि मग हा बर्फ, असा तिचा प्रवास. पोरीकडे सगळं होतं, फक्त एक खोड होती. पडली की तिथेच बसून राहायची. आधीच्या दोन स्पर्धांत ती पडल्यावर कार्यक्रम अर्धा टाकून बाहेर आली होती. तिच्या कोच प्रज्ञा मॅडमनी बजावलं होतं, "सानू, पड खुशाल, पण पूर्ण कर. या वेळी अर्धवट सोडलंस तर संघातलं नाव मी नाही वाचवू शकणार."

सानिका त्या मुलीकडे बघत मला म्हणाली, "काका, ती एवढ्या लवकर कशी हो उठली?"



*

सानिकाची पाळी आली त्या दिवशी करंजाहून दोन टेम्पो भरून माणसं आली. बाहेर अंगाची लाही लाही होत होती आणि ही मंडळी कानटोप्या घालून, गोधड्या पांघरून स्टँडमध्ये बसलेली. सगळ्यात वर सानिकाची आई, हिराताई. बंदरावर मासळी विकणारी, खणखणीत गळ्याची बाई. लेक पडेल या धास्तीनं तिचा खेळ तिनं कधी पाहिला नव्हता. "पोरगी परताना मला नाय बगवत," म्हणायची. त्या दिवशी शेजारणींनी तिला धरूनच आणली होती.

संगीत सुरू झालं. पहिली उडी छान, दुसरीही छान. तिसरीला पोरगी पडली.

आणि बसून राहिली.

संगीत आपलं चालूच. प्रज्ञा मॅडमनी कठड्यावर डोकं टेकलं. देवा, या पोरीला उठव रे, एवढंच मनात येत होतं. तेवढ्यात वरून बंदरावरच्या लिलावातला तो आवाज आला,

"ए सानू, उठ गो! बरफावर मावरं निजतं, मानूस नाय!"

दोन्ही टेम्पोंची माणसं खो खो हसली. सानिकानं मान वर करून आईकडे पाहिलं आणि तीही हसली. हसत हसतच उठली, संगीताला गाठलं आणि शेवटच्या सुरापर्यंत नाचली. नंबर आला शेवटून दुसरा. प्रज्ञा मॅडम रडत होत्या. मीही रडलो आणि माइक चालू असल्यामुळे सगळ्या हॉलनं ते ऐकलं!

इतक्यात रेफरीबाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. चेहरा कडक.

"वर त्या बाई काहीतरी ओरडल्या आणि खेळाडू लगेच उठली. बाहेरून कोचिंग करत होत्या का?"

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं, "मॅडम, त्या म्हणाल्या, बर्फावर मासे झोपतात, माणसं नाही."

बाईंनी जरा विचार केला. मग पेन खाली ठेवलं.

"हे कोचिंग नाही," त्या म्हणाल्या. "ही माहिती आहे."