शेवटच्या बाईचा हात

आमच्या कारखान्यात चादरी, टॉवेल आणि भिंतीवर टांगायची चित्रं विणतात. त्या चित्रांचे नमुने गेली तीस वर्षं मी काढतो. मोर काढले, राजे काढले, देव तर किती काढले त्याची मोजदाद नाही. म्हणून परदेशात राहणाऱ्या ग्रीक लोकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनासाठी सभागृहात लावायला चित्र हवंय म्हटल्यावर ते काम माझंच, असं मी गृहीत धरलं. मालक म्हणाले, "दोघंबी काढा की. त्यांना आवडंल ते घेऊ."

दुसरी म्हणजे करकंब गावची मुलगी. दोन वर्षांपूर्वी कामाला लागली, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, मला सर म्हणते. मालक हे बोलले त्याच दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं.

मी आठ दिवस राबून खांबांचं देऊळ काढलं, घेरदार पांढऱ्या झग्यातला योद्धा काढला, कडेने त्यांची ती काटकोनात वळत जाणारी नक्षी. काढताना त्या लोकांचाही हेवा वाटत होता. नाटक यांचं, लोकशाही यांची, शाळेत मला रडवणारी भूमितीही यांचीच. शेकडो वर्षं तुर्कांच्या ताब्यात राहिले, लढून सुटले, आणि आज कुठेही राहत असले तरी त्या लढ्याचं चित्र भिंतीवर लावतात. देश स्वतंत्र व्हायच्या कितीतरी आधी आमच्या सोलापुरानेही काही दिवस इंग्रजांचा अंमल झुगारला होता. त्यापायी चौघं फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांसमोरून मी रोज हॉर्न वाजवत जातो. त्यांचं चित्र विणून द्या, असं मला कोणी म्हटलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही.

आणि हिने काय काढलं? नुसत्या बायका! ग्रीसच्या डोंगरातल्या काही बायका शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा हातात हात धरून, नाचत कड्यावरून खाली झेपावल्या, अशी गोष्ट ते लोक सांगतात. ती हिने कुठेतरी वाचली होती. निळ्यावर एका रांगेत बारा पांढऱ्या बायका, आपल्याकडे पंचमीला फेर धरतात तशा हातात हात घातलेल्या. बघताक्षणी कळलं, माझं देऊळ गेलं.

"सर, बघा की जरा. काय चुकलं असंल तर सांगा," ती म्हणाली.

चुकलं होतं. ग्राफच्या चौकटी मोजताना ती गफलत करून बसली होती. कमरेवर हात ठेवून फेर संपवणारी तेरावी बाई बसायला जागाच उरली नव्हती. त्यामुळे बाराव्या बाईचा हात कडेपर्यंत जाऊन तसाच रिकामा पसरलेला राहिला होता. बाराव्या बाईचाच हात कमरेवर घ्यायचा, दुरुस्ती पाच मिनिटांची. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "ठीक आहे. जाऊ दे मागावर." विणून आल्यावर सगळ्यांसमोर तिची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं.

चूक इथे कोणाच्याच लक्षात आली नाही, आणि तिकडे त्यांनी तिचंच चित्र पसंत केलं. त्यांचा स्वातंत्र्यदिन झाल्यावर मालकांनी आम्हाला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. चित्र जरा खालीच टांगलं होतं. काळ्या कपड्यातली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि त्या शेवटच्या बाईच्या रिकाम्या हातावर तिने आपला हात ठेवला. काठी कुणाला तरी देऊन तिने दुसरा हात मागे केला, तो दुसरीने धरला, दुसरीचा तिसरीने. फेर पार दारापर्यंत गेला. सोबत निरोप होता, अशीच आणखी चित्रं पाठवा, पण तो हात तसाच ठेवा.

"लई डोकं लावलंस की पोरी," मालक म्हणाले.

"माझं कुटलं डोकं? चूक हुती ती माझी. आत्ता बघून कळलं," ती म्हणाली. "सरांना तवाच दिसली असणार. त्यांच्या नजरेतनं काय सुटतंय व्हय? त्यांनी मुद्दाम ठेवली."

मालकांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. मुद्दाम ठेवली, हे तिचं अगदी खरं होतं.

आता तसंच एक चित्र आमच्या ऑफिसात लावलंय. खाली तिने हट्टाने माझं नाव आधी आणि स्वतःचं नंतर घातलंय. येणारे-जाणारे त्या हाताबद्दल विचारतात आणि ती माझ्याकडे बोट दाखवते. तिच्या कलेबद्दलचा माझा जळफळाट एव्हाना थंड झालाय. पण चारचौघांत "चूक हुती ती माझी" म्हणून ती जशी मोकळी झाली, त्याचा हेवा काही केल्या जात नाही. तेवढं एक वाक्य मला अजून जमलेलं नाही.