सोळा घरांची रस्तारुंदी

उद्धवराव दोन वर्षांपूर्वी चाकणच्या कंपनीतून रिटायर झाले, पण कंपनी काही त्यांच्यातून अजून गेलेली नाही. घरातल्या डाळ-तांदळाच्या डब्यांना त्यांनी नंबर दिलेत. दारात चपलांसाठी पिवळे पट्टे मारलेत, आणि पट्ट्याबाहेर चप्पल दिसली की "ही कुणाची?" असं ते कडक आवाजात विचारतात. घरात माणसं दोनच, तरीही.

मूळचे लातूरकडचे. एकोणतीस वर्षं मेंटेनन्सला काढून चिखलीत चार मजली सोसायटीत फ्लॅट घेतला. तिथं कुणाची मोटर अडो, कुणाचा मिक्सर जळो, उद्धवराव हजर.

"लोकांचं काही बिघडलं की यांच्या तोंडावर काय तेज येतं ओ!" असं त्यांच्या दुर्गाबाई म्हणतात.

गेल्या महिन्यात बिघडलं ते घरचंच नेट. उद्धवराव राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले. एका ठिकाणी चॅनेलची, म्हणजे सिग्नलच्या वाटेची, रुंदी दिली होती: वीस. त्याच्याखाली चाळीस हा पर्याय नुसता पडून होता. रस्ता रुंद असला की गाड्या जास्त जातात, हे चाकण चौकात रोजची संध्याकाळ घालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी चाळीस केलं. नेट सुसाट! वार मंगळवार, वेळ सकाळी अकराची, आणि बाकीची सोसायटी कामावर गेलेली, हे त्यांनी लक्षात घेतलं नाही.

आता कंपनीत एक रीत असते. एका मशीनवर सुधारणा जमली, की ती तसल्या सगळ्या मशीनवर करायची. तिला हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट म्हणतात आणि ती केली की साहेब टाळ्या वाजवतात. उद्धवरावांनी खिशात स्क्रूड्रायव्हर टाकला (त्याची गरज नव्हती, पण त्याच्याशिवाय त्यांना चुकल्यासारखं होतं) आणि दोन दिवसांत सोळाच्या सोळा घरं केली. सगळीकडे चाळीस. लिफ्टशेजारी कागद लागला: 'आधी', 'नंतर', खाली ठसठशीत सही.

आठ दिवसांत अख्ख्या सोसायटीचं नेट आडवं झालं.

याचा सगळ्यात मोठा घोर लागला पहिल्या मजल्यावरच्या निलोफरला. तिचा नवरा नदीम गॅरेज चालवतो, आणि निलोफरची मेंदी लागल्याशिवाय या गल्लीत लग्न होत नाही. रविवारी अकरा वाजता तिचा पहिला ऑनलाइन मेंदीचा क्लास होता. राजगुरुनगरपासून सोलापूरपर्यंतच्या बावीस मुलींनी नावं दिलेली. मेंदी काढायला हात दुर्गाबाईंचा. शनिवारी सकाळी तालीम घेतली, तर पहिली कोयरी अर्धी झाली आणि पडद्यावरचं चित्र थिजलं.

"काका, तीन वर्षं मनात होतं हे," निलोफरचा आवाज बारीक झाला. "पहिल्याच दिवशी असं झालं तर कोण थांबणार?"

"बेटा, नेट माझ्यावर सोड," उद्धवराव म्हणाले. शब्द देऊन बसले.

वर येऊन त्यांनी एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली. कंपनीत बिघाड सापडत नसला की पाच वेळा 'का' विचारतात. चित्र का थांबतं? सिग्नल एकमेकांत घुसतात म्हणून. का घुसतात? फोनवरच्या ॲपमध्ये पाहिलं, तर आलेखात सोळा घरांच्या सिग्नलचे सोळा डोंगर एकमेकांच्या उरावर बसलेले. का? सगळेच रुंद. तेव्हा त्यांना कंपनीतल्या शॉपमधली, मशीन चालतात त्या शेडमधली, गोष्ट आठवली. प्रत्येक सुपरवायझरनं माल वाहणाऱ्या फोर्कलिफ्टची आपापली वाट रुंद करून घेतली होती. शॉप मात्र होतं तेवढंच. दोन फोर्कलिफ्ट नाकाला नाक लावून दुपारपर्यंत उभ्या! हवासुद्धा तेवढीच की. मग चौथा 'का': रुंद का झाले? कुणीतरी केले म्हणून. पाचव्यापाशी पेन अडलं.

"पाचव्याला काय लिहिलंत?" दुर्गाबाईंनी डोकावून पाहिलं. तिथं लिहिलं होतं, 'उद्धवराव'.

"सापडला एकदाचा बिघाड!" त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं सांगायलेय मी."

रविवारी आठ वाजता उद्धवराव बाहेर पडले. प्रत्येक दारात एकच वाक्य: "चूक माझी, परत वीस करायचंय." लोक हसले, कुणी चिमटे काढले, पण बहुतेकांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. एकमेकांना न शिवणारे चॅनेल तीनच, ते त्यांनी घरोघर आळीपाळीनं वाटले. पावणेअकरापर्यंत पंधरा घरं आणि नऊ कप झाले.

सोळावं घर मारुतरावांचं, बरोब्बर निलोफरच्या डोक्यावर. मारुतराव मूळचे चिखली गावचेच.

"न्हाई!" त्यांनी राउटरसमोर खुर्ची टाकली. "रस्तारुंदीत चार गुंठं गेलं आमचं. आता हवेतबी मागं सरकू व्हय?"

"सगळेच सरकलेत हो."

"मग मोकळं झालं की. मला ऱ्हाऊ द्या रुंद!"

असं करता करता अकरा वाजले. आतल्या खोलीतून त्यांची नात मैत्री धावत आली, एकाच हातात फोन आणि मेंदीचा कोन, दुसरा तळहात पसरलेला. "आजोबा, निलोफरताई अडकली! दुर्गाआजीचा हात पण!"

"मग खाली जाऊन बस की, एक जिना तर हाय."

"क्लास ऑनलाइन आहे, आजोबा!"

मारुतरावांनी नातीच्या तळहाताकडे पाहिलं. त्यावर एकच रेघ होती आणि ती पुढच्या रेघेची वाट बघत होती.

"आरं मग बघत काय उभं ऱ्हायलाय?" ते उद्धवरावांवरच ओरडले. "करा बारीक!"

राउटर बंद होऊन चालू झाला. त्या एका मिनिटात उद्धवरावांना नऊच्या नऊ चहा आठवले. मग खालून, उघड्या खिडकीतून, निलोफरचा आवाज आला, "दिसतंय का सगळ्यांना?" आणि लगोलग तोच मैत्रीच्या फोनमधून. पाठोपाठ बावीस मुलींचा गलका: "दिसतंय!"

संध्याकाळी लिफ्टशेजारी नवा कागद लागला. 'कारण: उद्धवराव. उपाय: वीस.' खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आमीबी सरकलो.'

दुर्गाबाई दोन्ही हात कोपरापर्यंत रंगवून सोफ्यावर बसल्या होत्या. निलोफरनं पुढच्या रविवारसाठी पाय मागून ठेवले होते.

"चहा टाका," त्यांनी फर्मावलं. उद्धवराव उठले, तशी मागून हाक आली, "आणि छोट्या पातेल्यात टाका ओ. रुंद दिसलं की तुमचा हात थांबत नाही!"